शहादेवचे पक्के दात

तोंड उघडण्याआधी माणसाने विचार करावा, असं म्हणतात. शहादेवच्या बाबतीत हा विचार समोरच्याने करायचा असे. त्याचे ओठ हलताना दिसले की शहाणा माणूस आधी वारा कुठून कुठे वाहतोय ते बघे आणि मग उभं राहायची जागा ठरवे. मी त्याच्याबरोबर शाळेच्या एकाच बाकावर बसलेला. जन्मभर त्याच्या उजव्या अंगाला बसत आलो, कारण तंबाखूचा बार तो डाव्या गालात धरी. माझा बचाव तो काय तेवढाच.

आमचं गाव वडवणी तालुक्यातलं. शहादेवला जमीन आहे, पण शेतकरी म्हणून त्याला कुणी ओळखत नाही. तो माईकवाला शहादेव. आमच्या भागातली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. त्यामुळे लग्नं चैत्र-वैशाखात अशी दाटीवाटीने येतात की एकाच दिवशी तीन मांडवांत जेवून माणसाने आजारी पडावं. आणि प्रत्येक मांडवात भटजीच्या आधी माईकवाला लागतो. कोण पाहुणे आले त्यांची नावं पुकारायची, पुढाऱ्याला फेटा, मामाला टॉवेल-टोपी, कुणाला नुसतं श्रीफळ. एखाद्याचं नाव राहिलं तर तो जेवल्याशिवाय उठून जातो, आणि तो रुसवा पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरतो. शहादेवची कधी चूक व्हायची नाही. मांडवाच्या तोंडाशी जीप थांबून नुसता एक पाय बाहेर आला, की त्या पायावरून तो नाव, गाव आणि सध्याचा पक्ष सांगे.

हा झाला गुण. आता तोंडाचं वर्णन करतो. जेवत असाल तर ताट बाजूला ठेवा.

त्याच्या हिरड्या फुगून जांभळ्या झालेल्या. दात काही काळे, काही पिवळे, आणि मधल्या फटींत चुन्याची पुटं. मुळांशी तपकिरी थर असा चढलेला की त्यापेक्षा आमच्या हौदावरचं शेवाळ बरं. बोलताना ओठाच्या कोपऱ्यात एक थेंब जमायचा. तो आता पडतो की मग पडतो, याकडेच ऐकणाऱ्याचं लक्ष. छबुबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याचा तांब्या वेगळा केला होता. कुणी विचारलं तर सांगे, "सोवळ्याचा हाय." कसलं सोवळं! तांब्याच्या काठाला तंबाखूची कड होती.

तरी बरं चाललं होतं. घोटाळा झाला गावातल्या आसारामच्या पोरीच्या लग्नात. शहादेव रंगात आला होता. "शेतकऱ्यांचे कैवारी, आपल्या सर्वांचे लाडके, सन्माननीय सुंदररावजी..." आणि ‘जी’वर जोर देताना त्याचा वरचा पुढचा दात सुटला तो शेजारी उभ्या करवलीच्या हातातल्या अक्षतांच्या ताटात. लाल तांदळांत तो खपूनही गेला असता. पण करवलीने बघितला, किंचाळली, आणि ताट वर उडालं. पुढच्या रांगेला वाटलं, झालं सावधान. त्यांनी अक्षता फेकल्या, मागच्यांनी फेकल्या, बँडवाल्याने दणकून सुरुवात केली, आणि अंतरपाट धरलेलाच असताना लग्न लागून गेलं. मंगलाष्टका नंतर उरकल्या. दात कुणाच्या फेट्यात जाऊन बसला, ते आजपर्यंत कळलेलं नाही. मी मात्र घरी गेल्यावर माझा फेटा दोनदा झटकला.

एक गेला तशी बाकीच्यांनीही रांग धरली. समोरची फळी गेल्यावर शब्दांना बांध राहिला नाही. ‘श्रीफळ’ म्हणताना शिट्टी वाजू लागली. माईकच्या जाळीवर तुषार उडू लागले, पुढच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. पोरं मुद्दाम म्हणायची, "काका, ‘सरपंच साहेब’ म्हणा की." आणि याच सुमाराला वडवणीचा माऊली उगवला. कोरलेली दाढी, कानाला अडकवायचा माईक, आणि "तर मंडळी, जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या" असं टीव्हीतलं बोलणं. पाहुण्यांची नावं तो मोबाईलवर बघून वाचायचा. पण दात सगळे जागेवर.

सुंदरराव आमच्या भागातले मोठे जमीनदार आणि त्याहून मोठे पुढारी. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न येत्या वैशाखात ठरलं. त्यांनी शहादेवला वाड्याबाहेरच्या लिंबाखाली बोलावून घेतलं. मी सोबत होतो. सुंदररावांनी आधी स्वतःच्या तोंडातली पिंक लिंबाच्या बुडख्यावर टाकली, मग बोलले.

"शहादेव, तोंड नीट करून घे. जिल्ह्यातले समदे येणार हायत. तू तिथं शिट्ट्या मारायला लागला तर मी कुठं बघू?"

"करतो की दादा."

"लग्नाच्या आत झालं तर माईक तुझा. न्हाईतर माऊलीला सांगितलंच हाय. मग रुसू नगं."

त्या लग्नाचा माईक गेला तर पुढे कुणीच हातात देणार नाही, हे शहादेवला कळत होतं आणि मलाही. आमच्याकडे मोठ्या मांडवात जो बोलला तोच लहान मांडवात बोलतो. पैसे कुठून आले ते मला विचारू नका. छबुबाईच्या गळ्याकडे बघा आणि समजून घ्या.

बीडला जायचं ठरलं, तेव्हा शहादेवने अभिमन्यूला बरोबर घेतलं. अभिमन्यू म्हणजे बोअरचा एजंट. तालुक्यात कुणाच्या रानात कुठवर मुरूम आणि कुठून पाषाण, हे त्याला पाठ. आमच्याकडे काहीही जमिनीत घालायचं तर अभिमन्यूला विचारतात. शहादेवला वाटलं, हाडात घालायचं तरी त्यालाच विचारावं. आता याला काय म्हणाल?

दवाखाना वरच्या मजल्यावर. जिन्याच्या कोपऱ्यांना लोकांनी थुंकून थुंकून इतका जाड लाल रंग दिलेला, की ‘येथे थुंकू नये’ यातला ‘नये’ झाकून गेला होता. दाताच्या दवाखान्याचा जिना हा! शहादेवने वर जाता जाता त्यात स्वतःची भर घातली, बार थुंकला, आणि सज्जनासारखा आत गेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी त्याचं तोंड बघितलं. क्षणभर श्वास रोखलेला मी पाहिला, पण चेहरा हलला नाही. शिकलेल्या माणसाचा हा गुण मला मान्य आहे. मग त्यांनी टेबलावर प्लास्टिकचे जबडे मांडले.

"काका, राहिलेले दात काढावे लागतील. मग तीन पर्याय. हा पहिला. स्क्रू दोन भागांत असतो. खालचा भाग हाडात बसवायचा, वर हिरडी शिवून टाकायची. चार-पाच महिने हाड त्याला धरतं. मग त्यावर डोकं आणि दात."

"वैशाखात लगीन हाय," शहादेव म्हणाला.

"तुमचं?"

अभिमन्यू हसला. मीही हसलो. शहादेव हसला नाही.

"दुसरा हा. एकाच तुकड्याचा, लांब. खालच्या टणक हाडापर्यंत जातो. त्यावर आठवड्याच्या आत पक्के दात बसवता येतात. आणि हा तिसरा. थोडेच स्क्रू, त्यांच्या डोक्यावर बटणं. कवळी त्या बटणांवर टक्कन बसते. बोलताना हलत नाही. रात्री काढायची, घासायची, हिरडी पुसायची, सकाळी परत लावायची."

अभिमन्यूने दुसरा स्क्रू उचलला, बोटांत फिरवला, टोक बघितलं. बोअरच्या रिंगमशीनचं पातं बघावं तसं.

"म्याडम, हेच द्या. ह्यो पैला लई आखूड हाय, मुरमातच ऱ्हाईल. ह्यो लांबडा थेट पाषाणाला जाऊन बसतंय. केसिंगचा पाईप नेहमी पाषाणापर्यंत न्यावा, मंग ढासळायचं भ्या न्हाई."

"जबडा म्हणजे रान नाही हो."

"वर मऊ, खाली टणक. रान अजून काय असतंय?"

बाईंनी हातातला जबडा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. बोअर घेतल्यावर वरचं घाण पाणी केसिंगच्या कडेने आत उतरू नये म्हणून काय करता?"

"सिमेटानं तोंड बंद करतो की."

"मग हिरडी म्हणजे ते सिमेंट. काकांची हिरडी कुजलेली आहे आणि साखरही वाढलेली दिसतेय. हा लांब स्क्रू वाईट नाही, पण ज्याच्या तोंडात दिवसभर तंबाखू आणि जो घासत नाही, त्याच्या तोंडात मी तो घालणार नाही. तंबाखू सोडा, हिरड्या बऱ्या होऊ द्या, मग बटणाची कवळी करू. ती काढून धुता येते, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं."

अभिमन्यूने स्क्रू परत टेबलावर ठेवला. त्याला पटलं होतं, हे त्याच्या मानेवरून दिसत होतं. पण शहादेवच्या कानात एकच शब्द राहिला होता.

जिन्यात तो भडकला. "कवळी! रातच्याला काढून तांब्यात ठेवायची! मी काय म्हातारा हाय का बे?"

त्याचा नातू तेव्हा शाळेत जायला लागला होता. पण असल्या वेळी मोठ्याने हिशेब करू नये.

"उद्या मांडवात पोरं म्हणतील, काका, दात काढून दाखवा," शहादेव म्हणाला. "न्हाई. घालायचे तर पक्के. लांबडा स्क्रू. तूच म्हणला ना?"

"म्हणलो खरं," अभिमन्यू म्हणाला, "पर त्या सिमेटाचं..."

"गप बस. बाईमाणसाला काय कळतंय पाषाणातलं!"

त्याच रस्त्यावर पुढे एक दुसरा दवाखाना होता. बाहेर फ्लेक्सवर एक बाई इतके दात काढून हसत होती की मोजायला बसलं तर चार-दोन जास्तच भरले असते. आतल्या डॉक्टराने विचारलं, "तंबाखू खाता?" शहादेव म्हणाला, "कदीमदी." डॉक्टरानेही कधीमधीच ऐकलं. ज्याला विकायचं आणि ज्याला घ्यायचं, त्या दोघांचं असं एकमत झालं की तिसऱ्याने मधे बोलू नये. मी बोललो नाही. बोललो असतो तरी ऐकलं नसतं.

राहिलेले दात निघाले, लांबडे स्क्रू बसले, आणि रंग निवडायची पाळी आली. डॉक्टराने नमुन्याच्या दातांची पट्टी पुढे केली. पिवळसर, दुधाळ, पांढरे. शहादेवने टोकाचा उचलला. "समद्यात पांढरा ह्योच ना?" डॉक्टर म्हणाला, "तुमच्या वयाला जरा..." शहादेवने बघितलं, तसा डॉक्टर म्हणाला, "शोभेल."

काय शोभायचं! ग्रामपंचायतीने शाळेत नवा संडास बांधला, त्याच्या फरशीची मला आठवण झाली. रापलेला काळा चेहरा, तंबाखूने काळवंडलेले ओठ, आणि आत ती झगझगीत पांढरी फरशी. तो हसला की कुत्री भुंकायची. हे मी वाढवून सांगत नाही. गावाबाहेरच्या पंडितच्या वस्तीवरचं कुत्रं खरंच भुंकलं.

पण गावभर मिरवला. भेटेल त्याच्यापुढे जबडा उघडायचा. "घाल बोट. हालवून बघ." आणि लोक घालायचे बोट! हात धुतलेले नाहीत, कुणी गोठ्यातून आलाय, कुणी चुना मळतोय, सगळे शहादेवच्या तोंडात बोट घालून दात हलवून बघतायत आणि "लई पक्कं बसलंय" म्हणून मान डोलावतायत. माझ्याही पुढे तोंड उघडलं. मी म्हटलं, "माझा विश्वास हाय."

शिट्ट्या थांबल्या. बोलणं पुन्हा खणखणीत झालं. सुंदररावांनी ऐकलं आणि माऊलीला निरोप पाठवला, की तू नुसतं यायचं, जेवायचं. शहादेव सुखावला आणि त्याच दिवशी त्याने बार भरला. मी विचारलं, "का रे, बाईंनी सांगितलेलं विसरला?"

"ते दातासाठी होतं. ह्ये दात हायत का? लोखंडाला कीड लागती का?"

"आणि घासायचं?"

"नळाचा पाईप कदी ब्रशानं घासला तू? कावून घासू?"

बोलण्यात त्याला हरवणं अवघड. लोखंडाला कीड लागत नाही, हे खरं. पण लोखंड ज्या मांसात रोवलं ते मांसच आहे, हे त्याला कोण सांगणार? नव्या दातांच्या बुडाशी, हिरडी आणि फरशी यांच्या मधल्या सांदीत, तंबाखू जाऊन बसू लागली. मग एका कंदुरीचं जेवण झालं. देवाला बोकड कापला होता. शहादेवने बऱ्याच दिवसांनी हाड फोडलं. मटणाचे दोरे त्या सांदीत गेले ते गेलेच. जीभ पोचेना, काडी पोचेना, बोट पोचेना. पक्कं ते पक्कं.

पुढच्या पंधरवड्यात छबुबाई माझ्या दारात आली. पदर नाकाला लावलेला.

"भाऊजी, तुमी तरी सांगा त्यान्ला."

"काय झालं वहिनी?"

"घरात उंदीर मेला म्हणून मी पेट्या हालवल्या. कणगी उपसली. पत्र्याखाली पोराला चढवलं. उंदीर काय घावना. मंग ह्ये हासले."

मला हसू आवरेना, आणि तिच्या डोळ्यांत पाणी. ती अंगणात झोपायला लागली होती. मी शहादेवकडे गेलो. त्याने स्वतःहूनच दाखवलं. आता घाण आपलीच असली की माणसाला तिचं कौतुक असतं का काय, देव जाणे. खालचा ओठ ओढला, हिरडीवर बोट दाबलं. दातांच्या बुडातून पिवळा पू आला, आणि त्याच्या मागून पातळ रक्त. बोट त्याने धोतराला पुसलं आणि त्याच हाताने माझ्यापुढे चहाची कपबशी सरकवली.

तो चहा मी प्यालो नाही. कारण काय सांगितलं ते आठवत नाही.

"आज बीडला चल," मी म्हटलं.

"गेलो आन् काढले तर? लगीन चार दिवसांवर आलंय. बोळक्यानं पुकारू का?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "एवढं लगीन होऊ दे बे. मंग काढू दे, तोडू दे, जबडा घिऊन जाऊ दे."

त्याने लवंगा चघळल्या, वेलदोडे चघळले. लग्नाच्या दिवशी कुणीतरी अक्कल दिली म्हणून मोगऱ्याच्या अत्तराचा फाया गालात धरला. आधी नुसता मेलेला उंदीर होता. आता त्या उंदराला हार घातला.

वडवणीच्या बाहेरचं ते मोठं मंगल कार्यालय गच्च भरलेलं. शहादेव स्टेजवर चढला आणि खरं सांगतो, त्या दिवशी त्याने जे पुकारलं ते तसं कधी पुकारलं नव्हतं. एक नाव राहिलं नाही, एक मागेपुढे झालं नाही. ज्यांची एकमेकांशी बोलाचाल नाही अशा दोन पुढाऱ्यांना त्याने एकाच वाक्यात असं घेतलं, की दोघांनाही वाटलं आपलंच नाव आधी आलं. माऊली खाली खुर्चीवर बसून मोबाईल बघत होता. शहादेवचे पांढरे दात मागच्या भिंतीपासूनही दिसत होते. एवढ्या दुरून ते बरेही दिसत होते.

शेवटी तो म्हणाला, "आता वधुपिते सुंदररावजी आपल्याशी दोन शब्द बोलतील," आणि माईक सुंदररावांच्या हातात दिला.

माईकच्या तोंडाला स्पंजची टोपी होती. त्या टोपीने तासभर शहादेवचा श्वास, थुंकी, अत्तर, पू, सगळं पिऊन घेतलं होतं. सुंदररावांनी माईक ओठांशी नेला, बोलण्याआधी छाती भरून श्वास घेतला, आणि माईक चालू असतानाच ओरडले, "अरारारा! ह्याच्यात काय मेलंय बे?"

हे वाक्य चारही भोंग्यांतून मांडवात, जेवणाच्या पंगतीत, स्वयंपाकाच्या चुलींपर्यंत आणि बाहेर रस्त्यावर उभ्या गाड्यांपर्यंत गेलं. मग जो हशा उठला, त्यात नवरदेवही होता. सुंदररावांनी माईक दोन बोटांत धरून, मेल्या सरड्याला शेपटीने धरावं तसा लांब केला. माऊली टुणकन वर आला, आपला कानाचा माईक खिशातून काढून त्यांच्या कानाला अडकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला शिसारी आली ती शहादेवची नाही. ती तर मला सवयीची होती. मी मांडवाकडे बघितलं. नाकाला रुमाल लावून हसणाऱ्या त्या गर्दीत ज्याच्या त्याच्या गालात गुटख्याचा नाहीतर तंबाखूचा फुगा होता. हसताना लाल दात दिसत होते. खांबांच्या बुडाशी पिंका होत्या. आणि सुंदरराव स्वतः? लिंबाचा बुडखा मी विसरलो नव्हतो. त्यांच्या तोंडाला येत नव्हता का वास? येत होता. पण त्यांच्या तोंडासमोर भोंगा धरून सांगणारं कुणी नव्हतं.

शहादेव ओठ घट्ट मिटून स्टेजच्या मागच्या पायऱ्या उतरला. मी आणि अभिमन्यू पाठोपाठ गेलो. आचाऱ्यांच्या मागे, जिथे उष्टी ताटं रिकामी करतात तिथे तो उभा होता. कुत्री होती, माश्या होत्या. त्याने जिभेने आतून दात ढकलले. पुढची सगळी पांढरी फरशी एकदम हलली.

"हालतंय," तो म्हणाला.

अभिमन्यूने खाली बघितलं. "वरून पाणी गेलं कडंनं. बाई बोलल्या होत्या."

बीडच्या त्या डॉक्टरीणबाईंकडेच परत जावं लागलं. फ्लेक्सवाल्याने फोन उचलला नाही. बाईंनी एकावर एक दोन मास्क लावले आणि स्क्रू काढले. काढायला जोर लागलाच नाही, चिखलातून खुंट्या उपटाव्यात तसे आले. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "आता हाड भरू द्या. तंबाखू असेल तर माझ्याकडे येऊ नका."

पावसाळाभर शहादेव बोळक्याने आंबील प्यायला आणि कुणाच्या दारात गेला नाही. तंबाखू सोडली. भोंग्याने सोडवली, डॉक्टरने नाही. माणसं देवाला भिऊन सोडत नाहीत, कॅन्सरला भिऊन सोडत नाहीत, पण चारचौघांत झालेलं हसं पोटात जाऊन बसतं.

दिवाळीनंतर बाईंनी परत जबडे मांडले. या वेळी अभिमन्यूला नेलं नव्हतं. छबुबाई आली होती. तिने तिन्ही बघितले, हात कशालाच लावला नाही, आणि एकच विचारलं.

"ह्यातलं कंचं मला रोज हातात घिऊन बघता यील?"

बाईंनी बटणाची कवळी पुढे केली.

"हेच द्या."

"अगं पर, कवळी..." शहादेवने तोंड उघडलं.

"तुमी गप ऱ्हावा. वास मी घेतलाय."

बाई हसल्या, मी हसलो. शहादेव हसला नाही, पण कवळी हातात घेऊन उलटीसुलटी बघू लागला. रंगाची पट्टी आली तेव्हा छबुबाईनेच मधला पिवळसर उचलला. "माणसाचे दिसावेत," म्हणाली.

लगीनसराई पुन्हा आली. मोठ्या मांडवांत माऊलीच. पण पंडितच्या पोरीचं लग्न निघालं. पंडित ऊसतोड्या, कर्नाटकातून परवाच परतलेला. तो म्हणाला, "माऊलीला आमचे पाव्हणे वळखू येत न्हाईत. मोबाईलात आमची नावं कुठली? शहादेवदादा पायजेत."

शहादेव आला. स्टेजवर चढण्याआधी पाण्याच्या टाकीपाशी गेला, सगळ्या पोराबाळांसमोर कवळी काढली, खिशातला ब्रश काढला आणि खसाखसा घासू लागला. गुळण्या, फेस, थुंकी, सगळं तिथेच. पोरं गोल करून उभी. त्या दिवशी पंगतीत बुंदीकडे माझ्याच्याने बघवलं नाही. अरे, चार पावलं आडोशाला जा! पण नाही. त्याला सगळ्यांनी बघायला हवं होतं. कवळी धुऊन उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली, तोंडात घातली. टक् असा आवाज आला.

मग तो चढला आणि त्याने पंडितच्या ऊसतोड टोळीतला एकेक माणूस नावागावानिशी पुकारला. शिट्टी नाही, तुषार नाही. एक बाई आपलं नाव भोंग्यातून ऐकून एवढी लाजली की फेटे वाटणाऱ्याच्या मागे लपली.

"आता मुलीचे मामा दोन शब्द बोलतील."

मामा पुढे आला. चांगला माणूस, हात जोडून आला. त्याने माईक घेतला, आधी नाकापाशी नेला, मग तोंडापाशी. त्याला स्वतःलाही ते कळलं नसावं.

शहादेवने ते बघितलं. मीही बघितलं. मामाचं बोलणं संपलं तसा शहादेवने हात पुढे करून माईक परत घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.